मूळ रहिवाशाचा दाखला

वर्धा जिल्ह्याची म्हणून ज्यांची नावे बाहेर गाजली, अशा सजीवांत तीन नावे आधी येतात: हिंगणघाटचा कापूस, आर्वी-आष्टी-कारंज्याकडची गवळाऊ गाय आणि समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद. हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही तिन्ही इथलीच, याबद्दल वर्ध्यात कुणाला शंका येणार नाही. पण एखादी जाती मुलखाची मूळची आहे की नाही हे ठरवण्याची जी कसोटी युरोपातल्या आरंभीच्या जीवशास्त्रज्ञांनी घालून दिली, तिला यांतले एकही उतरत नाही. हळद बी धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने ती वांझ आहे. दरवर्षी कुणीतरी बेणे जपून ठेवले, पुन्हा लावले, म्हणून ती टिकली. हिंगणघाटच्या कापसाच्या जातीचे खात्रीचे रानटी झाड आजवर हाती लागलेले नाही. गवळाऊ तर वळू निवडनिवडून माणसानेच घडवली. कसोटी म्हणते, जे माणसाच्या मदतीवाचून आले आणि माणसाच्या मदतीवाचून टिकले तेच मूळचे. या हिशेबाने वर्ध्याच्या सपाट काळ्या जमिनीवरचे जवळजवळ सगळेच जीवन उपरे ठरते.

या ग्रंथात वर्धा जिल्ह्यातली पिके, जनावरे, झाडे, गवते आणि तणे यांच्या नोंदी आहेत, आणि जवळपास प्रत्येक नोंदीत ‘मूळचे’ किंवा ‘बाहेरचे’ असा शेरा आहे. असा शेरा वाचणाऱ्याला निसर्गातली वस्तुस्थिती वाटते. खरे तर तो सुमारे दोनशे वर्षांपूर्वी काही माणसांनी, काही विशिष्ट प्रश्न सोडवण्यासाठी, आखलेल्या रेषेवर उभा आहे. ती रेषा कशी आखली गेली आणि वर्ध्याच्या शेतात तिचे काय झाले, हे नोंदी वाचण्याआधी ठाऊक असावे, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात स्वीडनमधून करावी लागते. कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ छापले. त्यात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव मिळाले आणि ती कुठे राहते याची एक आखूड ओळ. आपल्याकडच्या कितीतरी वनस्पतींपुढे त्या ओळीत फक्त ‘इंडिया’ आहे. मलबार, सिलोन, बंगाल आणि पलीकडची बेटेसुद्धा त्या एका शब्दात मावत होती. लिनियस भारतात कधी आला नाही. आपल्या वनस्पतींबद्दल त्याला जे कळले त्यातला मोठा भाग ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथातून, म्हणजे कोचीच्या डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान रीडने १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या कामातून. त्या कामामागे इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. या वैद्यांना झाड कुठल्या जमिनीत येते, कोणत्या महिन्यात काढावे, कशावर चालते हे माहीत होते. लिनियसच्या उप्सालापर्यंत पोचता पोचता त्यातले नाव आणि आकार उरले. राहण्याच्या जागेचा एक शब्द झाला.

लिनियसची स्वतःची समजूत तर आणखी वेगळी होती. १७४४ साली छापलेल्या एका भाषणात त्याने असे मांडले की आरंभी सगळी पृथ्वी पाण्याखाली होती, विषुववृत्तावर एकच उंच पर्वत-बेट वर होते, आणि प्रत्येक जातीची एकेक जोडी तिथे निर्माण झाली. पाणी ओसरत गेले तशी झाडे-जनावरे त्या डोंगरावरून जगभर पसरली. हे खरे धरले तर कुठेही कुणीही मूळचे नाही, सगळेच पर्वतावरून उतरलेले. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँने १७६० च्या सुमारास याला छेद दिला: जुन्या आणि नव्या जगाच्या उष्ण मुलखांतले प्राणी सारखे नाहीत, हवामान सारखे असूनही. म्हणजे हवामानापलीकडे प्रत्येक मुलखाचा स्वतःचा इतिहास असतो.

मग आला १८२० चा निबंध, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा विचार त्यात आहे. जिनीव्हाच्या ऑग्युस्तँ द कांदोलने वनस्पती ‘कुठे राहते’ या एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. एक, तिचा ठाव कोणता: ओलसर की कोरडी जमीन, ऊन की सावली, चुनखडी की वाळू. दुसरा, तिचा प्रदेश कोणता: पृथ्वीवरच्या कोणत्या देशात ती सापडते. ठाव आजच्या परिस्थितीने समजतो. प्रदेश समजायला गतकाळ खणावा लागतो. दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच वनस्पतींच्या भूगोलात गोंधळ माजला आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच्यानंतरच्या पिढीने यातला दुसरा प्रश्न उचलला आणि पहिला मागे पडला. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स्लो, म्हणजे डार्विनचे केंब्रिजमधले गुरू, आणि त्यांच्यामागून ह्यूएट वॉटसन यांनी ब्रिटिश वनस्पतींची वर्गवारी केली. वॉटसनने १८४७ मध्ये जे वर्ग नक्की केले ते थेट नागरिकत्वाच्या कायद्यातून आले होते: जन्मजात रहिवासी, रुळून गेलेला परका, वसाहत करून राहिलेला आणि निव्वळ परका. प्रत्येक वनस्पतीला एकच गोष्ट विचारायची: तुला इथे माणसाने आणले का? वॉटसनच्या कामासाठी हा प्रश्न योग्य होता. ब्रिटिश बेटे खंडाशी कधी जोडलेली होती, हिमयुगानंतर कोण कुठून आले, हे शोधायचे तर माणसाने आणलेली झाडे हिशेबातून वगळावीच लागतात. त्याने गाळणी बनवली ती एका कामासाठी. पुढच्यांनी तिलाच निसर्गाचा नियम समजले.

मुंबई इलाख्यात ही रेषा किती लवकर पोचली ते दोन ग्रंथांच्या नावांवरूनच दिसते. जॉन ग्रॅहमच्या १८३९ च्या यादीत आपोआप उगवणाऱ्या, लावलेल्या आणि आणलेल्या अशा मुंबईच्या सगळ्या वनस्पती एकत्र नांदतात. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांनी ‘बॉम्बे फ्लोरा’ काढला तेव्हा ग्रंथ इथल्या वनस्पतींचा, आणि आणलेल्या व रुळलेल्यांची शेवटी वेगळी पुरवणी. बावीस वर्षांत एका यादीच्या दोन याद्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, नागपूरपासून तोडून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी प्रशासन इथल्या जमिनीची, पिकांची आणि गुरांची मोजदाद करू लागले तेव्हा पुरवणीची ही सवय त्याच्या दप्तरात होतीच.

आता कापसाकडे येतो, कारण इथे ही गोष्ट कागदावरून शेतात उतरते.

हिंगणघाटचा कापूस व्यापारात आपल्या बाजारपेठेच्या नावाने विकला जाई. हिंदुस्थानी कापसात लांब आणि मऊ धाग्याचा म्हणून त्याला मान होता. ज्या पऱ्हाटीपासून तो येई तिला बनी म्हणत. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरकडे लागले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कर्नाक हे त्यांचे नाव. त्यांच्या अहवालांतली मोठी तक्रार होती सरमिसळीची: बनी आणि जाडीभरडी पऱ्हाटी एकत्र, एकाच ढिगात.

सरमिसळ म्हणजे काय हे ठरवायला आधी जाती ठरवाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जी. ए. गॅमी यांनी हिंदुस्थानी कापसांची वर्गवारी केली. पानाच्या खाचा, फुलाचा रंग, सरकीवरची लव पाहून त्यांनी बनीला एका जातीत टाकले आणि शेजारच्या तासातल्या जाड्याभरड्या पऱ्हाटीला दुसऱ्या. जॉर्ज वॉट यांनी १९०७ मध्ये जगातल्या कापसांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात आणखी वेगळी मांडणी. मग विसाव्या शतकाच्या मध्याला, १९४७ मध्ये, हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागवडीतल्या साऱ्या कापसांच्या चारच जाती ठरवल्या. बनी आणि तिची भरड शेजारीण दोघी गॉसिपियम आर्बोरियम या एकाच जातीत आल्या. हचिन्सन यांनी या कामाचा पाया काही अंशी इंदूरच्या एका संशोधन संस्थेत घातला होता, म्हणजे वर्ध्यासारख्याच काळ्या मातीवर.

मधल्या चाळीस वर्षांत बनी जवळजवळ संपली होती, आणि ती संपायला परदेशी रोप लागले नाही. मध्य प्रांताच्या शेतकी खात्याने रोझियम नावाच्या पऱ्हाटीचा प्रसार केला. तीही देशीच. बनीचा रुईचा उतारा शेकडा पंचवीस ते तीसच्या घरात, रोझियमचा चाळिशीच्या जवळ. जपानच्या गिरण्यांना आखूड धाग्याची स्वस्त रुई चालत होती, आणि बनीच्या लांब धाग्याला मिळणारा जास्तीचा भाव कमी उतारा भरून काढण्याइतका नव्हता. शेतकऱ्याने हिशेब केला आणि तो बरोबर केला. यावरून मला एवढे दिसते की देशी-परदेशी एवढेच पाहणाऱ्याला बनीचे जाणे दिसतच नाही. त्याच्या यादीत आधी देशी होते, नंतरही देशीच. हिंगणघाटचे नाव ज्या धाग्याने मोठे केले तो धागा गेला, आणि यादीत एक अक्षरही बदलले नाही.

अमेरिकन पऱ्हाटी नंतर आली. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग देशी जातींकडे होता. सत्तरीच्या दशकापासून संकरित वाण, २००२ च्या मार्चमध्ये बीटी वाणांना परवानगी, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत देशी कापूस कोपऱ्यात गेला. याबद्दल विदर्भात पुष्कळ बोलले गेले आहे, बरेचसे दुःखाने. मला इथे त्यातले एकच सांगायचे आहे. १९४० च्या सुमारास बीझली यांनी दाखवून दिले की अमेरिकन कापसाच्या पेशीत गुणसूत्रांची दोन घराणी एकत्र नांदतात. एक नव्या जगातल्या रानकापसाचे, दुसरे आशियाई-आफ्रिकी कापसाच्या कुळातले. ही गाठ दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणसाच्या कुठल्याही हाताशिवाय पडली. म्हणजे ज्याला आपण परका म्हणतो त्याचा अर्धा वारसा आपल्या पऱ्हाटीच्या भावकीतला आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्या देशी कापसांतली एक जात, गॉसिपियम हर्बेशियम, आजही दक्षिण आफ्रिकेच्या रानात आपसूक वाढते. बलुचिस्तानातल्या मेहरगढला सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे कापसाचे तंतू मिळाले, तेव्हा नाते जुने आहे यात शंका नाही. पण जन्मदाखला मागत मागत मागे गेलो तर कापसाचे गाव कुठेच थांबत नाही.

द कांदोलचा पहिला प्रश्न विचारला की मात्र कापूस लगेच उत्तर देतो. ठाव कोणता? वर्ध्यात बहुतेक कापूस पावसाच्या पाण्यावर आहे. आर्बोरियमची मुळे खोल जातात, रस शोषणाऱ्या किडींना ती बऱ्यापैकी तोंड देते, आणि उत्तर भारतात कपाशीला गांजणारा पानगुंडी विषाणू तिला लागत नाही. लांब मुदतीच्या संकरित पऱ्हाटीला बोंडे भरायच्या वेळी पाणी लागते, आणि नेमका तेव्हा पाऊस गेलेला असतो. भारी जमिनीत ती तग धरते, हलक्या बरड जमिनीत शेतकऱ्याला बुडवते. अमेरिकन असणे हा तिचा दोष नाही. चुकीच्या ठावी तिला उभे केले, हा दोष आहे, आणि तो रोपाचा नव्हे.

गुरांच्या बाबतीत रेषा वेगळ्या तऱ्हेने आखली गेली. लिनियसने १७५८ मध्ये वशिंडाच्या गुरांना ‘बॉस इंडिकस’ असे वेगळे नाव दिले होते. विसाव्या शतकात सरकारी पशुतज्ज्ञांनी त्या नावाखाली जातिवंत वंश वेचले. १९३८ च्या आर्थर ऑल्व्हर यांच्या पुस्तिकेत शिंगांची ठेवण, कपाळाचा आकार, अंगाचा रंग यांवरून हिंदुस्थानी गुरांचे गट पाडलेले आहेत. गवळाऊ त्या मोजमापात बसली: निमुळते लांब डोके, बदामी डोळे, आखूड शिंगे, पांढरी गाय, मानेपाशी करडा बैल. बसली म्हणून तिचे नाव टिकले. ज्या लाखो गुरांच्या अंगावर अशी लक्षणे ठळक नव्हती ती अवर्णित म्हणून एका खान्यात गेली, आणि पशुगणनेत तो खाना अजून आहे. दोन-दोन पिढ्या एकाच घरच्या दावणीला, एकाच रानात चरलेली गाय शास्त्राच्या दृष्टीने बिननावाची राहिली. सत्तरीच्या दशकात जर्सी आणि होल्स्टीनच्या संकराची मोहीम आली तेव्हा या बिननावाच्या गुरांची बाजू घ्यायला कुणी नव्हते, कारण ज्याचे वर्णनच नाही ते गमावले असे तरी कसे म्हणणार?

वर्ध्यात या बाबतीत एक वेगळी वाट चोखाळली गेली आणि तिची नोंद पुरेशी घेतली जात नाही. १९४१ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने गोसेवा संघ उभा राहिला. जमनालाल बजाजांनी आपले अखेरचे महिने त्याला दिले, गोपुरीत झोपडी बांधून राहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला गेले. संघाने इथल्या गवळाऊलाच निवडून, तिचेच दूध आणि तिचेच बैल दोन्ही सुधारण्याचे ठरवले. यामागे भक्ती होती, पण नुसती भक्ती नव्हती. दुपारच्या उन्हात बंडीला जुंपून पळणारा, पोळ्यानंतरच्या गवतावर सावरणारा बैल या मुलखाला लागतो, आणि तो ज्या गाईपासून येतो तिचे दूध वाढवणे हा पशुसंवर्धनातला नेमका प्रश्न होता. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र झाले तेही याच गाईसाठी. तरीही सगळ्यांत जास्त काळ तिला सांभाळले ते नंद गवळ्यांनी. पवन्या, मारवेल, कुसळ या गवतांची कोणती वेळ कोणत्या जनावराला हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. चराईची राने आक्रसली की गवळाऊ आक्रसते. तिला वाचवण्याच्या योजना वळू आणि वीर्यमात्रा यांची भाषा बोलतात, गवताची बोलत नाहीत. या ग्रंथात तिच्या नोंदीला कुरणांची नोंद जोडली आहे, ती यामुळेच.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बाहेरचे-आतले हा भेद टाकूनच द्या. तसे मी म्हणत नाही. डार्विनने १८५९ मध्येच लक्षात आणून दिले होते की न्यूझीलंडची स्थानिक झाडे युरोपातून आलेल्यांपुढे भराभर हटत आहेत. म्हणजे मुलखाचे असणे म्हणजे मुलखात अजिंक्य असणे नव्हे. चार्ल्स एल्टनने १९५८ मध्ये अशा आक्रमणांवर पुस्तक लिहिले तोपर्यंत गाजरगवत पुण्याजवळ दिसू लागले होते. आज ते वर्ध्याच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. माणसांच्या कातडीला आणि श्वासाला ते काय करते हे निंदणीला जाणाऱ्या बायकांना विचारावे. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली आणि मध्य भारताच्या सागवानी रानांत तळाशी पसरून तिने गवत आणि रोपटी दाबली. बोरच्या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे हरणाला लागणाऱ्या गवताचा विचार करताना घाणेरीकडे डोळेझाक करणे परवडणार नाही.

पण घाणेरी अमेरिकेची म्हणून वाईट, असा हिशेब मांडला की सीताफळाचे काय करायचे हा प्रश्न लगेच उभा राहतो. तेही अमेरिकेचेच, पोर्तुगीजांच्या काळात आलेले. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी भरहूत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ ओळखल्याचा दावा केला होता, आणि ऑग्युस्तँचा मुलगा आल्फाँस द कांदोल याने लागवडीतल्या वनस्पतींच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात पुरावे तोलून अखेर अमेरिकेकडेच कौल दिला. तो कौल बरोबर होता. तरी विदर्भाच्या बरड टेकाडांवर सीताफळ असे बसले आहे की त्याच्या खाली गवत येते, त्याची पाने गुरे-बकऱ्या खात नाहीत म्हणून ते राखणीवाचून वाढते, आणि दिवाळीच्या आधी टोपल्या भरून बायकांच्या हाती रोख पैसा देते. चिंचही आफ्रिकेतून आलेली. लिनियसने तिच्या नावात ‘इंडिका’ घातले म्हणून ती भारताची झाली नाही, आणि आफ्रिकेची आहे म्हणून गावाच्या वेशीवरून हटत नाही.

मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरला गाजरगवतावर सोडला गेला. आता पावसाळ्यात कृषी विद्यापीठे तो शेतकऱ्यांना वाटतात. तो फक्त गाजरगवत खाऊन जगतो असे पाहूनच त्याला आणले. या भुंगेऱ्याला कोणत्या यादीत घालायचे यावर संपादकांत बरीच चर्चा झाली आणि तो अखेर मित्रकीटकांत गेला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

यास्तव इथल्या प्रत्येक नोंदीत उगमाचा प्रदेश आणि आजचा ठाव असे दोन रकाने वेगळे ठेवले आहेत, आणि त्यांच्यापुढे तिसरा: या सजीवाच्या आधाराने आणखी कोण जगते आणि कोणाची जागा जाते. पहिला रकाना ग्रंथालयात बसून भरता येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी शेतकरी, गवळी, निंदणारणी, मोहफुले वेचणारे यांच्याकडे जावे लागले. त्यांतल्या पुष्कळांनी शेरा बदलायला लावला. बनीची नोंद मात्र अजून अर्धवट आहे. हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या जुन्या घरांत सरकी जपली गेली असेल तर तिचा पत्ता लागायला हवा. ती जुनी पऱ्हाटी म्हणून ज्यांच्याकडे एखादे तासही उभे असेल, त्यांनी बोंड फुटायच्या दिवसांत कळवावे.